मधे फक्त बर्फ

“हात नका लावू. आधी नुसतं बघा, आणि काय दिसतंय ते मला सांगा.”

फोनवर पलीकडे कोणीही असो, चाचांचं पहिलं वाक्य हेच. बोलायचे इंग्रजीत, पण सूर असा की जणू घरातलं एखादं पोर ओल्या हाताने विजेच्या बटणाकडे निघालंय. एवढं बोलून ते हेडफोनचा एक कान मागे सारत, डोळे मिटत आणि उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवत. मग पलीकडचा माणूस जे सांगेल ते डोळे मिटूनच ऐकत. नव्याने बघणाऱ्याला वाटे, हे झोपले. आमच्या मॅनेजरलाही पहिले काही दिवस तसंच वाटलं होतं, आणि खरं सांगायचं तर मलाही.

आता कतारमध्ये बसून आम्ही बर्फाचं काय काम करत होतो ते आधी सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई थापा मारतेय. आमची कंपनी मुळात धुळीची. वाळवंटात लांबच लांब सोलर पॅनेल मांडलेली असतात. त्यांच्यावरची धूळ झाडायला रोबो असतात. ते रोबो अडले की इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या ऑफिसात बोंब होते. हे रोबो बनवणाऱ्या परदेशी कारखान्याने पुढे अंगणातला बर्फ उडवणारं यंत्र काढलं. माणूस घरात बसतो, यंत्र आपलं आपण बाहेर फिरतं, बर्फ आत ओढून घेतं आणि नळीतून बाजूला फेकतं. आतलं रेडिओचं सामान मात्र धूळवाल्या रोबोचंच. म्हणून हिवाळ्यात बर्फवाल्या गिऱ्हाइकांचे फोन घ्यायचं कामही आमच्याच गळ्यात पडलं. वर्षातले निम्म्याहून जास्त महिने भट्टी पेटलेल्या या देशात बसून आम्ही नॉर्वे-फिनलंडच्या लोकांना बर्फाबद्दल सल्ले देत होतो. हसायला येतं ना? आम्हालाही यायचं.

यंत्राचं दुखणं बहुतेक वेळा एकच. अंगणात कुठेतरी एक अँटेना लावलेली असते. तू इथे आहेस, तू इथे आहेस, असं ती यंत्राला सारखं सांगत असते. ते सांगणं तुटलं की यंत्र जागच्या जागी उभं राहतं आणि लाल दिवा मिचकावतं. मग आम्हाला फोन. दिवा कुठल्या रंगाचा? अँटेना किती लांब? मधे झाड, भिंत, पत्रा काही आहे का? बंद करून पुन्हा चालू केलंत का? आम्ही हे प्रश्न पोपटासारखे विचारायचो. चाचा मात्र डोळे मिटून बसायचे.

ते श्रीवर्धनकडचे, कोकणी मुसलमान, साठीला टेकलेले. तरुणपणी मालवाहू जहाजांवर रेडिओचं काम केलं, मग आखातात उतरले ते इथेच राहिले. ऑफिसात केरळचे, नेपाळचे, फिलिपिन्सचे, सगळे त्यांना चाचाच म्हणत. माझी आणि त्यांची टेबलं शेजारी. मी नाशिकची. माझा नवरा गॅसच्या प्लँटवर, पंधरा-पंधरा दिवस तिकडेच. घरी मी मराठीत बोलते आणि माझी लेक मला इंग्रजीत उत्तर देते. त्यामुळे दिवसभरात मला मराठीत उलट बोलणारा माणूस म्हणजे चाचाच. “काय गो बाय, आज तोंड का फुगलाय?” असं त्यांनी विचारलं की माझा निम्मा रुसवा तिथेच उतरायचा.

यंत्राला ते बैल म्हणत. चार्जिंगची जागा म्हणजे गोठा. गिऱ्हाइकाशी इंग्रजीत सगळं रीतसर बोलून झालं की फोन ठेवून मला मराठीत अहवाल द्यायचे, “फिनलंडचा बैल गोठ्यात गेला.” मॅनेजरला वाटे आम्ही फार गंभीर तांत्रिक चर्चा करतोय.

काम सुरू व्हायच्या आधी कंपनीने आम्हाला बर्फ दाखवायला नेलं होतं. इथे बंदिस्त जागेत बर्फ करून ठेवतात, लहान मुलं घसरगुंड्या खेळतात, तिथे. भाड्याचे जाड कोट घालून आम्ही सगळे फोटो काढत सुटलो. चाचांनी वाकून मूठभर बर्फ उचलला, नाकाशी नेला आणि खाली टाकला. “फ्रीजरचा वास येतोय गो. हा खरा नव्हे.” दुसऱ्या दिवशी पँट्रीतून एक स्टीलची थाळी आणि मिठाचा पुडा घेऊन आले.

ही थाळी त्यांच्या कामाची खास रीत झाली. थाळीत मीठ पसरायचं. स्टेपलर म्हणजे घर. पेनाचं टोपण म्हणजे अँटेना. खोडरबर म्हणजे बैल. गिऱ्हाईक सांगत जाई तसतसं चाचा एक डोळा किलकिला करून थाळीत अंगण मांडत. “घरातून बाहेर आलात की उजव्या हाताला काय?” “आणि वाट कुठून वळते?” पाच मिनिटांत संपणारा फोन पंधरा मिनिटं चालायचा. मॅनेजर कपाळाला हात लावायचा. पण ज्यांचं अंगण एकदा थाळीत मांडलं गेलं, ते पुढच्या वेळी फोनवर चाचांनाच मागत.

दुपारी जेवताना ते घरी फोन लावत. स्पीकरवर, कारण हात भातात. त्यांचा आणि चाचींचा संवाद मला पाठ झाला होता. “लाईट हाय?” “हाय.” “पंप चालू झाला?” “झाला.” “मांजर आला काय?” “आला.” “बरं.” संपलं. एकदा मी म्हटलं, “चाचा, बायको आहे ती, गिऱ्हाईक नव्हे. कशी आहेस, एवढं तरी विचारा.” चाचांनी माशाचा काटा बाजूला काढला आणि म्हणाले, “मांजराचा विचारला म्हंजे तिचाच विचारला ना गो.”

आता मावशीचं सांगते. मावशी हे अर्थात चाचांनी ठेवलेलं नाव, फोनवर ते तिला मॅडमच म्हणत. नॉर्वेच्या पार उत्तरेला डोंगरावर तिचं घर. वय ऐंशीच्या पुढे, नवरा गेलेला, मुलगा दुसऱ्या देशात. खालच्या रस्त्यापासून तिच्या दारापर्यंत लांब चढणीची वाट. रोज सकाळी नर्स गाडी घेऊन वर येई, पायाची जखम बांधी, औषधं देई. पण तिथला नियम असा की वाट मोकळी ठेवणं हे घरमालकाचं काम. वाट बंद राहिली तर नर्स येणार नाही, आणि नर्स आली नाही तर मावशीला घर सोडून खालच्या गावातल्या वृद्धाश्रमात जावं लागणार. म्हणून मुलाने ते यंत्र घेऊन दिलं होतं. पहिल्याच फोनवर तिने हे सगळं शांतपणे सांगितलं, तक्रारीचा सूर नाही. शेवटी एवढंच म्हणाली, “मला इथून जायचं नाहीये.”

डिसेंबरभर तिचा बैल नीट चालला. जानेवारी सरता सरता अडायला लागला. शेडमागच्या वळणावर गेला की उभा. रोज. मग मावशी काठी टेकत बाहेर जाऊन बटण दाबायची. एकदा घसरली आणि उठता येईना म्हणून बराच वेळ बर्फातच बसून राहिली. दोनदा नर्सला गाडी खाली ठेवून चालत यावं लागलं. आपल्या ऑफिसातून वाटेबद्दल विचारणा झाली आहे, असं नर्स मावशीला सांगून गेली.

आम्ही सगळं करून पाहिलं. नवं सॉफ्टवेअर इथून पाठवलं, बंद-चालू केलं, तारा तपासायला लावल्या. “मधे काही आहे का?” हे तर जो फोन उचलेल तो विचारायचा. मावशीचं उत्तर ठरलेलं, “काही नाही. फक्त बर्फ.” आणि आम्ही ‘अडथळा नाही’ यावर टिक करायचो. चाचांनीही केली होती. त्या दिवसांत चाचांना जेवण जात नसे. चाचींना मांजराबद्दल विचारायचेही विसरायचे.

एका सकाळी मी चहा घेऊन आले तर हे आपले थाळीसमोर डोळे मिटून बसलेले. मला चेष्टा सुचली. “नुसता उभा करून काय ठेवलाय हो बैलाला? जरा चालवा की.” असं म्हणून मी खोडरबर मिठातून ढकलला. एकदा, दोनदा, पुन्हा त्याच वाटेने, बाजूचं मीठ मधे ओढून. बाजूला मिठाचा बांध उठला. मी आपली पोरकटपणे ढकलतेच आहे.

“थांब. हात नको लावू.”

चाचांचे डोळे उघडे होते. पेनाचं टोपण मिठाच्या बांधामागे दिसेनासं झालं होतं.

“बाय, हा ढीग मग जातो कुठं गो?”

“कुठे जाणार? तिथेच राहील.”

“वितळत नाय?”

“उन्हाळ्याशिवाय कशाला वितळेल?”

आमच्या डोक्यातला बर्फ घसरगुंडीवरचा. पडला, झाडला, गेला. तो तिथेच साठून, दर फेरीला वाढून, माणसापेक्षा उंच भिंत होतो, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं. आणि मावशीला बर्फ ही सांगण्यासारखी वस्तूच वाटत नव्हती. आपल्याला कोणी विचारलं, मधे काही आहे का, तर आपण ‘ऊन आहे’ असं सांगू का? ती उगीच लपवत नव्हती आणि आम्ही उगीच चुकत नव्हतो. पण महिना त्यात गेला होता.

चाचांनी फोन लावला. “मॅडम, शेडमागे वाटेच्या कडेला बर्फ किती उंच आहे?”

“माझ्याहून उंच,” मावशी म्हणाली.

“आणि अँटेना कुठे आहे?”

“ती काय, शेडच्या भिंतीला. म्हणजे…” ती थांबली. “आता ती बर्फापलीकडे.”

यंत्र विकणाऱ्या दुकानाच्या माणसाने अँटेना उन्हाळ्यात बसवली होती, कमरेइतक्या उंचीवर. तेव्हा तिथे समोर गवत होतं.

उपाय सोपा होता. यंत्राची नळी फिरवायची आणि बर्फ दुसऱ्या बाजूला टाकायचा. इथून आम्हीच ते करू शकत होतो. चाचांनी तसं सांगितलंही. मावशीने विचारलं, “दुसऱ्या म्हणजे कुठल्या?” चाचांनी थाळीकडे पाहिलं. दुसऱ्या बाजूला स्टेपलर होता.

“घराच्या बाजूला, मॅडम.”

ती म्हणाली, “म्हणजे स्वयंपाकघराची खिडकी बुजणार. तिथून मला खालचा रस्ता दिसतो. कोण येतंय ते दिसतं. कोणी येत नाही, तेही दिसतं.”

दुसरा कोणी असता तर नळी फिरवून मोकळा झाला असता. मीसुद्धा फिरवली असती. चाचा म्हणाले, “मॅडम, मला जरा विचार करू द्या.”

मग अँटेनाच उंच करायची ठरली. शेडच्या छपरावर एक खांब उभारायचा आणि त्याच्या टोकाला ती बांधायची. पण खांब उभारणार कोण? दुकानाचा माणूस बर्फ ओसरल्याशिवाय इतक्या वर यायला तयार नव्हता. मुलगा लांब. शेजारीपाजारी कोणी आहे का, असं चाचांनी विचारलं. मावशी तुटकपणे म्हणाली, खाली एक शेजारी आहे, त्याच्याकडे शिडी आहे, ट्रॅक्टर आहे, सगळं आहे, पण मी त्याच्याशी बोलत नाही. का, तर त्याने कुंपण सरकवलं. नवरा होता तेव्हापासूनचं आहे.

चाचांनी माइकवर हात ठेवला आणि गावची खबर मिळाल्यासारखे माझ्याकडे वळले. “तिथं पण गडगा हाय गो बाय!”

गडगा म्हणजे कोकणात दोन आवारांच्या मधे रचलेली दगडांची भिंत. तिच्यावरून होणारी भांडणं मी ऐकून होते. चाचांच्या घरी तसंच काही आहे हे मात्र मला ठाऊक नव्हतं. ते मला त्या दिवशी इंग्रजीतून कळलं, कारण मावशी म्हणाली, “फोन करा म्हणणं तुला सोपं आहे,” आणि चाचा म्हणाले, “सोपं नाही, मॅडम. मला मोठा भाऊ आहे. माझ्या घराला लागून त्याचं घर. गडगा हातभर सरकला म्हणून आम्ही बोलत नाही. माझे केस काळे होते तेव्हापासून.”

दोन्ही घरांतल्या बायका बोलत होत्या, पोरं एकमेकांकडे जेवत होती. ईदला चाचा इथून खजुराची पाकिटं पाठवत, त्यात एक भावाच्या घरचंही असे, वर कोणाचं नाव नसे. गावाकडून कोणी परत यायला निघालं की त्याच्या पिशवीत भावाकडची आमसुलं असत, त्यांच्यावरही नाव नसे. फक्त हे दोघे बोलत नव्हते.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “असं करू. तू तुझ्या भावाला फोन कर. तू केलास की मी याला करते. आज कर आणि उद्या मला सांग. नाही केलास तर मीही करणार नाही.”

म्हाताऱ्या माणसाचा हट्ट तुम्हाला ठाऊक असेलच. तिचं घर जायची वेळ आली होती, आणि ती सौदा करत होती. चाचा बरं म्हणाले. त्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि आम्ही राहतो ते अल वक्रा येईपर्यंत फोन हातात उलटासुलटा करत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मावशीचा फोन. “केलास?”

“केला, मॅडम.”

“काय म्हणाला?”

“उन्हाळा फार आहे का तिकडे, असं विचारलं.”

मावशी हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच ऐकलं. त्याच दिवशी तिने शेजाऱ्याला फोन केला. शनिवारी तो शिडी आणि खांब घेऊन वर आला, आणि बैल शेडमागच्या वळणावरून न अडखळता गेला. नर्सची गाडी दारापर्यंत यायला लागली. खिडकीही मोकळी राहिली. चाचांनी ऑफिसात सगळ्यांना सूकमधून, म्हणजे इथल्या जुन्या बाजारातून आणलेला हलवा वाटला. मॅनेजरने कारण विचारलं तर म्हणाले, कनेक्शन आलं.

पुढे मावशीचा अधूनमधून फोन येई. यंत्राचं एखादं फुटकळ काम काढायची आणि मग विचारायची, भाऊ कसा आहे? चाचा रंगवून सांगत. भावाच्या आंब्याला मोहोर आला. भावाने नवी होडी रंगवली. भावाची नजर अजून इतकी शाबूत की सुईत दोरा ओवतो. मी शेजारी बसून ऐकायची आणि मला फार बरं वाटायचं. परमुलुखात राहून माणसं तुटत जातात हे मी रोज बघत होते. इथे निदान एक तुटलेलं जुळलं होतं.

आणि एके दुपारी स्पीकरवर चाची लाईट, पंप, मांजर सगळं झाल्यावर थांबल्या आणि म्हणाल्या, “भाईंच्या डोळ्याचा ऑपरेशन झाला. आतातरी एक फोन करा. किती वर्सं झाली, माणूस दिसायचा बंद झाला तरी तुमचा बोलणा नाय.”

चाचांनी फोन बंद केला. मी ताडकन विचारलं, “म्हणजे तुम्ही केलाच नव्हता? त्या बाईला फसवलंत?”

“तिचा घर राहिला ना?”

“आणि तुमचं?”

“माझा कुठं जातोय. हाय तिथंच हाय.”

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. म्हणजे दोन दिवस मी मराठीच बोलले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच माझ्यासमोर चहा ठेवला आणि उभ्याउभ्या म्हणाले, “लावला होता गो नंबर. त्यानं उचलला. हॅलो म्हणाला. त्याचा आवाज अब्बांसारखा झालाय. मी ठेवून दिला.”

मी चहाचा कप उचलला आणि खुर्ची त्यांच्या टेबलाकडे वळवली.

साठी झाली तसा कंपनीने चाचांचा व्हिसा पुढे वाढवला नाही. उन्हाळा सुरू व्हायच्या आत ते गेले. इतक्या वर्षांच्या नोकरीचा पसारा तीन खोक्यांत बसला. वर एशियन टाउनच्या बाजारात घेतलेलं एक घड्याळ आणि खजुराची पाकिटं. जाताना माझ्या लेकीसाठी एक पाकीट देऊन म्हणाले, “तिला सांग, मराठीत मागितलास तरच मिळेल.” लेकीने मागितलं, चुकतमाकत. पण हे त्यांना सांगायला ते शेजारच्या टेबलाशी नव्हते. तिथे आता दुसरा मुलगा बसतो, चांगला आहे, हिंदीत बोलतो. मी कधीकधी फोन ठेवल्यावर सवयीने त्या बाजूला वळते आणि मग कीबोर्ड पुसल्यासारखं करते.

दोनेक महिन्यांनी मी त्यांना फोन केला. घर कसं, चाची कशा, सगळं विचारलं आणि मग न राहवून म्हटलं, “भाईंशी बोललात?”

“तो सकाळी पडवीत येऊन खोकतो गो. मला ऐकू येतो. मंग मी खोकतो.”

“एवढंच?”

“एखाद दिवशी मला उशीर झाला तर तो परत खोकतो,” चाचा म्हणाले. माझ्यावर विश्वास ठेवून म्हणाले, म्हणून मी हसले नाही.

पुन्हा हिवाळा आला. मावशीचा फोन आला. यंत्र उत्तम चाललंय, तिने आधीच सांगून टाकलं, मला त्या माणसाशी बोलायचंय. मी म्हटलं, ते घरी गेले, कायमचे.

“भावाजवळ?”

“शेजारीच.”

“बोलतात?”

मला खोटं बोलवेना. “रोज सकाळी एकमेकांचा आवाज ऐकतात,” मी म्हटलं.

“म्हणजे बोलत नाहीत.” मावशी म्हणाली. “मला तेव्हाच कळलं होतं. इतका चांगला भाऊ कोणालाच नसतो.”

“तरी तुम्ही शेजाऱ्याला फोन केलात?”

“मला करायचाच होता. कोणीतरी कर म्हणायला हवं होतं.” मग तिने सांगितलं, शेजारी गेला. पानगळीच्या दिवसांत. त्याआधी वसंत आणि उन्हाळा मिळाला. तो रोज कॉफीला वर यायचा, कुंपणावरून अजूनही भांडायचा, पण समोर बसून. आता खालच्या घरात दिवा नसतो. “हे त्याला सांग. बाकी काही सांगू नकोस.”

मी जेवणाच्या सुट्टीत पँट्रीत जाऊन चाचांना फोन लावला आणि मावशीने सांगितलं तसंच सगळं सांगितलं. बाकी काही नाही. तिकडे दुपार कलली असणार, कोंबड्यांचा आवाज येत होता.

“मंग मावशीला आता कोण हाय गो?”

“नर्स येते.”

“बरं,” ते म्हणाले. “बरं, ठेवतो.”

पण त्यांनी फोन बंद केला नाही. बहुतेक तसाच खिशात टाकला. मला त्यांच्या चपला ऐकू आल्या, वाळलेल्या पानांवरून सावकाश जाणाऱ्या. एका फाटकाची कडी निघाली. पुन्हा पानं. मग चपला थांबल्या, आणि अगदी जवळून एक म्हातारा आवाज, चाचांचा नव्हे, म्हणाला, “कोण हाय?”

मी फोन बंद केला. पुढचं ऐकायची फार इच्छा होती, पण ते त्या दोघांचं होतं. मी पँट्रीत एकटीच उभी राहून रडले, आणि मग तोंड धुऊन कामावर गेले.